धक्क्यापासून पंचेचाळीस मिनिटं

४ नोव्हेंबर, मंगळवार

पोचलो. होडी चाळीस मिनिटं उशिरा. वाटेत मला दोनदा उलटी झाली, वन्संना एकदाही नाही. त्यामुळे वन्सं खुशीत.

खोली धक्क्याजवळच, पहिल्या मजल्यावर. दोन पलंग, एक टेबल, टेबलाच्या एका पायाखाली घडी केलेला पुठ्ठा. खिडकीतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते. बरंच पुढे वाकलं तर समुद्र. वन्संनी आल्या आल्या मालकीणबाईंकडे खालची खोली मागितली — गुडघे दुखतात म्हणे. घरून निघेपर्यंत दुखत नव्हते. खालची उद्या रिकामी होईल. आज जिना. एकवीस पायऱ्या, मधे दोन मुक्काम.

वही कोरी आहे तर आधी कामाचं लिहून ठेवते. ह्यांच्या बेटाच्या पुस्तकाची चौथी आवृत्ती संपली. प्रकाशकांना पाचवी काढायची आहे. पण वाचकांची अकरा पत्रं आलीत, आणि अकराही जणांचं रडगाणं एकच — पुस्तकातल्या चालायच्या वेळा चुकीच्या आहेत. धक्क्यापासून किल्ला पंचेचाळीस मिनिटं म्हणून छापलंय, माणूस वीस मिनिटांत पोचतो आणि दार उघडेपर्यंत उन्हात तिष्ठत बसतो. एका शहाण्याने लिहिलंय, लेखक महाशयांनी बेट रांगत पाहिलं असावं.

हे मोजणी खात्यात होते. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. चालत. रांगत नाही!

प्रकाशक फोनवर अगदी मऊ आवाजात म्हणाले, टंकनाची चूकही असू शकेल. टंकन माझं आहे. चारही आवृत्त्यांचं. शाळेच्या कचेरीत एकतीस वर्षं टाइप केलं, एका पोराचं जन्मसाल चुकलं नाही. म्हटलं, मी स्वतः जाते आणि मोजून आणते. चूक कुणाची ते एकदाचं कळू दे. हे असते तर तेच म्हणाले असते. ह्यांचा नियमच होता — घड्याळात दिसलं ते लिहायचं, मनाला वाटलं ते नाही.

वन्संना कुणी बोलावलं नव्हतं. ‘बाळचं बेट बघायचंय,’ म्हणाल्या आणि बॅग घेऊन दारात हजर. बाळ म्हणजे हे. बासष्टाव्या वर्षी गेले, त्याला आता दोन वर्षं झाली. पण थोरल्या बहिणीसाठी बाळ तो बाळच.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी किल्ला. मनगटावर ह्यांचंच घड्याळ बांधलं. पट्ट्याला एक भोक जास्तीचं पाडून घेतलंय.

धक्का ते किल्ल्याचा दरवाजा — मी एकोणीस मिनिटं. पुस्तकात पंचेचाळीस. वाचक खरे.

वन्सं चव्वेचाळीस मिनिटांनी आल्या. तोवर माझे दरवाज्यावरचे खिळे मोजून झाले होते. रस्ता एकच, चढाचा, चुकायची सोय नाही. पण बाई दर वळणावर उभ्या. ‘काय सुंदर दिसतंय गं!’ वन्संना निसर्ग आवडत नाही हे मला पस्तीस वर्षं माहीत आहे. एकदा धबधब्यावर नेलं होतं तर गाडीतून उतरल्या नव्हत्या, पाणीच ना, म्हणाल्या. आता एकदम काय फुटलं कोण जाणे.

घड्याळ चालूच होतं म्हणून त्यांचीही वेळ टिपली. हे म्हणायचे, एका मोजणीवर विसंबू नये.

किल्ल्यावर सात तोफा. एकही कधी उडालेली नाही. पहारेकरी हे अभिमानाने सांगतो. शत्रू आला तेव्हा किल्लेदार जेवत होता. त्याने जेवण पुरं केलं, हात धुतले, किल्ला दिला. ह्यांना हा किल्लेदार फार आवडायचा.

आल्यावर विचार केला. वीसचे पंचेचाळीस कसे होतील? दोन्ही आकडे चुकायला हवेत. बोट घसरलं तर एक चुकतो. मी निर्दोष आहे असं आज तरी वाटतंय.

खालची खोली मिळाली. खिडकीसमोर हातभरावर भिंत. वन्संची चप्पल पलंगाखाली गेली होती, ती त्यांनी उकिडवं बसून, आत हात घालून, झटक्यात काढली. गुडघे!

६ नोव्हेंबर, गुरुवार

गव्हर्नरचा बंगला. आता संग्रहालय आहे. मी नऊ मिनिटं, वन्सं एकवीस. पुस्तकात वीस.

आत एक बूट आहे. दुसरा कुठे गेला ते लिहिलेलं नाही. एक खुर्ची आहे, तिच्यावर गव्हर्नर बसायचा. वर पाटी — बसू नये. रखवालदार तिच्यावरच बसला होता. वन्संना बघून उठला आणि खुर्ची पुढे सरकवली. वन्सं गव्हर्नरसारख्या बसल्या.

मी पुस्तक उघडलं, खुर्चीबद्दल काही आहे का बघायला. आहे. ‘दाराशी विचारल्यास बसायला खुर्ची मिळते.’ म्हणजे हीच! पण हे कशाला खुर्ची विचारतील? ह्यांनी जन्मात कुठे बूड टेकलं नाही. चहा उभ्याने. पेपर उभ्याने. आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मी बसलेय आणि हे उभे.

संध्याकाळी तुरुंग. मी बारा मिनिटं, वन्सं एकोणतीस, पुस्तक तीस. वाटेवर उंच भिंतीशिवाय काही नाही. भिंतीपाशी वन्सं थांबल्या. म्हणाल्या, काय सुंदर. मी भिंतीकडे बघितलं. भिंत होती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मालकीणबाईंच्या जेवणघरात पुस्तकांचं कपाट आहे. त्यात तिसरी आवृत्ती सापडली! आत ह्यांची सही.

दुपारभर दोन्ही आवृत्त्या समोरासमोर ठेवून बसले. तिसरीत किल्ला वीस, बंगला दहा, तुरुंग बारा, पाण्याचं टाकं पंधरा, दीपगृहाचा जिना पंधरा. सगळं बरोबर. चौथीत पंचेचाळीस, वीस, तीस, पस्तीस. जिना पन्नास! सगळ्याच वेळा फुगलेल्या. म्हणजे टंकनाची चूक नाही. ह्यांनी तसंच लिहून दिलं, मी तसंच टाइप केलं.

पण आनंद व्हायच्या आत दुसरं दिसलं. तिसऱ्या आवृत्तीत बसायच्या जागा एकही नाहीत. चौथीत अकरा आहेत. ‘तिसऱ्या वळणावर दगडी कट्टा आहे, सावली बरी.’ ‘टाक्याच्या पायऱ्यांवर टेकता येतं.’ अकरा! मीच टाइप केलंय आणि एक वाक्य आठवत नाही. टाइप करताना मी वाचत नाही, अक्षरं बघते. वाचलं की चुका होतात. कचेरीत सगळ्या नव्या मुलींना मी हेच शिकवलं.

कुणीतरी बरोबर असणार. हळू चालणारं. ज्याला सावली लागते, खुर्ची लागते, असं कुणीतरी.

संध्याकाळी मालकीणबाईंना सरळ विचारलं. आमचे हे यायचे तेव्हा एकटेच असायचे का? त्या वाटाणे सोलत होत्या. म्हणाल्या, शेवटी शेवटी खालचीच खोली हवी म्हणून अडून बसायचे. मी म्हटलं, ते नाही विचारलं. मग म्हणाल्या —

‘माझ्याकडे तरी एकटेच असायचे.’

तरी!

८ नोव्हेंबर, शनिवार

‘तरी’वर दिवस गेला.

कोण असेल याची मनात यादी केली. खात्यात नकाशे काढणाऱ्या एक बाई होत्या, एक पाय अधू. पण त्या आधीच निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या. ह्यांच्या मामेबहिणीला दमा होता, पण तिला समुद्र सोसत नाही. बाकी ह्यांच्या ओळखीच्या बायका भराभर चालणाऱ्या. ही काय यादी करायची गोष्ट आहे? एकसष्टाव्या वर्षी! लाज वाटली आणि यादीही चालू राहिली.

पाण्याच्या टाक्यावर गेलो. मी पंधरा, वन्सं चौतीस, पुस्तक पस्तीस. चारशे वर्षांपूर्वी बेटाला वेढा पडला तेव्हा अख्खं गाव या पाण्यावर सात महिने जगलं. आता आत एक कासव आहे.

पायऱ्यांवर टेकलो तेव्हा वन्संना सांगून टाकलं. म्हटलं, मला वाटतं ह्यांच्याबरोबर इथे कुणी बाई असायची. वन्सं इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, त्याला एक बायको झेपत नव्हती! मग हसता हसता ठसका लागला, छातीवर हात ठेवून बराच वेळ बसल्या. पाणी दिलं.

मग त्यांचं नेहमीचं सुरू. बाळ कसा पुण्यवान, कसा झोपेत गेला, कुणाच्या हातचं पाणीसुद्धा मागितलं नाही. वडीलही तसेच गेले, थोरले काकाही. ‘आमच्या घरात कुणी अंथरुणाला खिळत नाही.’ हे वाक्य त्या दहाच्या वर वेळा तरी म्हणाल्या असतील या दोन वर्षांत. एखाद्या घराण्यात गाता गळा असावा तसं सांगतात. मला नेहमी राग येतो. पुण्यवान ते. सकाळी चहा घेऊन उठवायला गेले ती मी.

९ नोव्हेंबर, रविवार

खूप उशीर झालाय. पण आजच लिहिते.

दीपगृहावर वन्सं चढल्या नाहीत. खाली बाकावर बसल्या. मी एकटी गेले. एकशे ऐंशी पायऱ्या, मधे पाच टप्पे. चौदा मिनिटं.

वर दीपगृहवाले होते. म्हातारे, बोटभर पांढरी दाढी, एका हातात फडकं. काचा पुसत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. ‘हे घड्याळ मोजणीवाल्या साहेबांचं,’ म्हणाले. मी म्हटलं, मी त्यांची बायको. त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, साहेब कसे आहेत?

सांगितलं. त्यांनी फडकं उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, वाटलंच होतं.

वाटलंच होतं! या माणसाला वाटलं होतं, समुद्रात खांबावर राहणाऱ्या, आणि मला नाही. मी विचारलं, त्यांच्याबरोबर कोण असायचं? म्हणाले, कुणी नाही. साहेब एकटे. शेवटच्या दोन वर्षांत चार वेळा आले. दर टप्प्यावर बसायचे. दीपगृहवाले वरून हाक मारून विचारायचे, दम लागला का? साहेब म्हणायचे, छे, समुद्र बघतोय, काय सुंदर दिसतोय.

‘दुसऱ्या टप्प्यावरची खिडकी मी यायच्या आधीपासून विटांनी बंद आहे, बाई,’ म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दम आधी किल्ल्याच्या चढावर लागायला लागला. मग सपाटीवर. डॉक्टरांना दाखवलं होतं. गुपचूप, बेटावर येता येता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हृदय थकलंय, जिने बंद, मोठ्या इस्पितळात जाऊन तपासण्या करा. तपासण्या ‘आवृत्ती झाल्यावर’ करणार होते. घरी सांगितलं का, असं दीपगृहवाल्यांनी विचारलं होतं. तर म्हणाले, घरी कळलं की पहिलं बेट बंद होईल.

झालंच असतं. मी बंद केलंच असतं. होडीचं तिकीट फाडून चुलीत घातलं असतं आणि हात धरून इस्पितळात नेलं असतं. म्हणून सांगितलं नाही.

दीपगृहवाले एकदा त्यांना म्हणाले होते, साहेब, जिन्याची जुनीच वेळ राहू द्या की पुस्तकात, चढता कशाला? त्यावर हे काय म्हणाले ते दीपगृहवाल्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

‘पंधरा मिनिटं ही आता माझी वेळ नाही. माझी नसलेली वेळ मी कशी लिहू?’

म्हणजे पुस्तकात खरं लिहिलं आणि घरात खोटं बोलले. आणि ते खरं माझ्याच हातात दिलं, टाइप करायला. किल्ला पंचेचाळीस, जिना पन्नास. कागदावर, शाईने, सुवाच्य अक्षरात. मी अक्षरं बघितली.

एक वेलांटी चुकली नाही!

१० नोव्हेंबर, सोमवार

राग आलाय. लिहिते कारण कुणावर काढणार? ह्यांच्यावर. ह्यांच्या नियमावर. त्या किल्ल्यावर, तोफांवर, गव्हर्नरच्या बुटावर. माझ्यावर सर्वांत जास्त. पस्तीस वर्षं एका घरात राहिलो आणि माझ्या नवऱ्याला दम लागतो हे अनोळखी अकरा वाचकांना कळलं, मला नाही.

एक कबूल करते. बाई निघाली असती तर बरं झालं असतं. बाईचा राग करता येतो.

सकाळी वन्संना सगळं सांगितलं. त्यांना धक्का बसला. वन्सं म्हणाल्या, मलाही नाही बोलला. मग भिंतीकडे बघत बसल्या. मग एकेक विचारायला लागल्या. नुसता दमच लागायचा का? की छातीत जड व्हायचं? सुरुवातीला किती चढलं की लागायचा? पाय सुजायचे का संध्याकाळी? मी चिडून म्हटलं, मला काय माहीत, त्या दीपगृहाला विचारा! नंतर वाईट वाटलं. त्यांचाही भाऊच होता.

दुपारी प्रकाशकांचा फोन. सांगितलं, टंकनाची चूक नाही, लेखकाचीही नाही. ते म्हणाले, मग नव्या वेळा कळवा, जुन्या काढून टाकू. मी म्हटलं, ह्यांच्या वेळा काढायच्या नाहीत. शेजारी दुसरा रकाना घाला, माझा. एक दमाने जाणाऱ्यांसाठी, एक घाई असलेल्यांसाठी. अकरा बसायच्या जागाही राहतील. ते म्हणाले, पानं वाढतील. वाढू देत, म्हटलं. पाच मिनिटं कुरकुरले, मग बरं म्हणाले.

चूक कुणाची ते कळलं. माझं इथलं काम झालं. उद्या शांतपणे तक्ता करायचा, परवा दुपारच्या होडीने घरी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सहाला तक्ता करायला बसले. एका रकान्यात ह्यांच्या वेळा, एकात माझ्या. वहीत वन्संच्याही टिपल्या होत्या, त्या बाजूला लिहिल्या, हे म्हणायचे तसं पडताळा म्हणून. या वेळी वाचलं.

किल्ला — हे पंचेचाळीस, वन्सं चव्वेचाळीस. बंगला — वीस, एकवीस. तुरुंग तीस, एकोणतीस. टाकं पस्तीस, चौतीस.

वन्सं जाग्या होत्या. विचारलं, गुडघे कधीपासून दुखतायत? त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. म्हणाल्या, बाहेर काय सुंदर दिसतंय. हातभरावर भिंत.

होडी साडेआठची आहे. उतरल्या उतरल्या डॉक्टर, पावणेबाराची वेळ मिळाली, मोठ्या इस्पितळात. मालकीणबाईंनी धक्क्यापर्यंत गाडी बोलावली. वन्सं पलंगावर बसून राहिल्या. म्हणाल्या, आमच्या घरात कुणी असं डॉक्टरांकडे धावत नाही.

म्हटलं, माहीत आहे. चपला घाला.